जिप्सीच्या नोंदी: नवीन टाकलेल्या पार्टांची उलटतपासणी

गाडी जिप्सी किंग, एमजी ४१३ डब्ल्यू, १९९८ मॉडेल, १२९८ सीसी, कार्बोरेटरवाली, सॉफ्ट टॉप. मुक्काम वर्तकनगर, ठाणे, सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून. हत्यारं साधीच: गोटी पान्यांचा सेट, दोन घोड्या, जॅक, मल्टीमीटर, आणि गरजेला वागळे इस्टेटमधले एक मिस्त्री, जे फोनवर अर्धी गाडी दुरुस्त करतात.

५ जानेवारी २०२५, रविवार

दिवाळीनंतर गाडी एका गॅरेजला बऱ्याच कामासाठी दिली होती. बिल मोठं झालं आणि गाडी आली ती आधीपेक्षा वाईट. काय काय बदललं ते बिलावरून उतरवून घेतो: ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलला प्रेशर देणारा; स्लीव्ह मारून रिकंडिशन), डायनॅमो (रिकंडिशन, जुना एक्सचेंजमध्ये गेला), पेट्रोल पंप (नवीन, लोकल), मागचा प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांना फिरवणारा दांडा; दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे वाकणारे सांधे, नवीन), किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खिळी) बेअरिंग, पुढेमागे दोन इंच लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला टांगणाऱ्या पट्ट्या) आणि त्यावर कडी म्हणजे स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे झटके खाणारा शॉक अॅब्सॉर्बर).

आता तक्रारी. हेडलाइटचे बल्ब सारखे उडतात. दहा-पंधरा मिनिटं चालवली की ब्रेक आपोआप धरतात. पेट्रोलचा वास आणि काळा धूर. पंचावन्न-साठच्या स्पीडला फ्लोअर थरथरतो. आणि खड्ड्यात पुढचं चाक आपटलं की स्टीअरिंग हातात नाचतं.

गॅरेजवाल्याला विचारलं तर प्रत्येक गोष्टीवर एकच उत्तर, "दादा तो तर नवीनच टाकलाय, दुसरंच काहीतरी असणार." मी उलट्या बाजूने सुरू करणार आहे. गाडी गॅरेजला गेली तेव्हा यातली एकही तक्रार नव्हती, म्हणजे जे जे नवीन आलं तेच आधी संशयित, आणि जुनं जे सव्वीस-सत्तावीस वर्षं चाललंय त्याला नंतर हात लावायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या की कशाने बरं झालं ते कळत नाही.

सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी बनणं २०१९ साली बंद झालं. सैन्यात या गाड्या भरपूर असल्यामुळे पार्ट अजून फिरतात, कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलात तर मिळत नाही असं काही नाही, फक्त डब्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे याचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही.

११ जानेवारी, शनिवार

बल्बपासून सुरुवात, कारण यात हात काळे होत नाहीत. मल्टीमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावला. आयडलला १४.६, ठीक. हेडलाइट लावून रेस केली तर १५.४. इथे साडेचौदाच्या फार वर जायला नको. म्हणजे डायनॅमो जास्त चार्ज करतोय, बल्ब उडतात ते त्यामुळे, आणि बॅटरीतलं पाणीही खाली गेलेलं दिसलं.

मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले रेग्युलेटर गेला, डायनॅमो परत करा. पण मला एक गोष्ट खटकत होती, लाइट लावल्यावर व्होल्टेज वाढतं कसं? लोड वाढला तर ते थोडं पडायला पाहिजे. म्हणून डायनॅमोच्या मागच्या कपलरमध्ये पिन घालून बारीक वायरीवर मोजलं. दोन वायर आहेत, एक डॅशबोर्डवरच्या लाल बल्बची आणि एक इग्निशनमधून येणारी. इग्निशनवालीवर मिळालं १४.३.

इथेच सगळा घोळ. रिकंडिशन करताना आत जो रेग्युलेटर टाकलाय तो व्होल्टेज स्वतःच्या जाड टर्मिनलवर बघत नाही, या बारीक वायरीवर बघतो. ती वायर येते इग्निशन स्विच आणि फ्यूज बॉक्समधून फिरून, तिथले कॉन्टॅक्ट हिरवे झालेले, वाटेत एक व्होल्टच्या वर गळतो. लाइट लावले की गळती अजून वाढते. रेग्युलेटरला वाटतं बॅटरी उपाशी आहे, तो अजून ढकलतो. म्हणजे रेग्युलेटर त्याच्या परीने बरोबरच काम करतोय, फक्त त्याला चुकीची बातमी मिळतेय. आधीचा डायनॅमो त्या वायरीकडे बघतच नसणार, म्हणून इतकी वर्षं काही कळलं नाही.

डायनॅमो परत करून दुसरा आणला असता तर तोही असाच वागला असता आणि मी अजून महिनाभर दुकानदाराशी भांडत बसलो असतो.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीची सुट्टी टाकली होती. फ्यूज बॉक्सचे पाय घासून साफ केले, इग्निशन स्विचचं कपलर साफ केलं, आणि एक साधा चार पायांचा रिले लावला: इग्निशनची वायर फक्त रिलेची कॉइल ओढते, आणि डायनॅमोच्या बारीक वायरीला सप्लाय बॅटरीवरून थेट, मध्ये फ्यूज घालून. आता रेस करून, लाइट लावून १४.३. तिळगूळ खाल्ला, विषय बंद.

१९ जानेवारी, रविवार

ब्रेक. सकाळी लवकर घोडबंदर रोडने गायमुख घाटापर्यंत गेलो, मेट्रोचं काम आणि कंटेनर यातून ब्रेकची परीक्षा आपोआप होते. परत येताना पेडल एकदम वर आणि कडक, गाडी उतारावरही पुढे सरकेना. मानपाड्याला बाजूला घेतली, चारही चाकं गरम.

चारही गरम म्हणजे कॅलिपर जाम वगैरे नाही, एकाच वेळी चार ठिकाणी कोण जाम होतं. तरी क्रमाने गेलो, कारण गॅरेजवाला नंतर "हे बघितलं का, ते बघितलं का" करणार. ब्रेक धरलेले असताना पुढच्या एका कॅलिपरचा एअर काढायचा निपल सैल केला, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं. म्हणजे लाइनमध्ये प्रेशर अडकलंय, मेकॅनिकल काही नाही. थंड झाल्यावर परत ब्रेक मारून मारून धरायला लावले आणि या वेळी मास्टर सिलिंडरजवळच पाइपाचा नट सैल केला. तरी मोकळं. होज पाइप आतून फुगून बंद झाला असता तर इथे उघडून चाक मोकळं झालं नसतं. तिसऱ्यांदा ब्रेक धरल्यावर पाइप तसेच ठेवले आणि मास्टर सिलिंडर बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणारा व्हॅक्यूमचा डबा) धरणारे दोन नट फक्त तीन-चार मिलीमीटर मागे घेतले. मास्टर पुढे सरकला आणि चाकं मोकळी झाली.

याचा अर्थ बूस्टरची काठी पिस्टनला सतत ढकलून ठेवतेय. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल टाकीत परत जायचं जे बारीक भोक असतं ते झाकलेलंच राहतं, आणि ब्रेक तापले की ऑइल फुगतं आणि जायला जागा नाही. रिकंडिशनवाल्याने किटमधला जो पिस्टन टाकला त्याच्या मागचा खळगा कमी खोल असणार. जुना मास्टर समोर असता तर व्हर्नियर घालून दोन मिनिटांत सिद्ध केलं असतं, पण तो गॅरेजमध्ये भंगारात गेला. यापुढे जुना पार्ट घरी आणायचा, एक्सचेंजचे दोनशे-चारशे रुपये गेले तरी चालतील.

काही लोक मास्टर आणि बूस्टरच्या मध्ये वायसर घालून मोकळे होतात. तपासायला ठीक आहे, कायमचं नाही. तिथे बूस्टरच्या व्हॅक्यूमचं सील असतं, वायसर घातला की हवा ओढायला लागतं आणि मग इंजिनचा आयडल बिघडतो, म्हणजे अजून एक नवीन तक्रार.

२५ जानेवारी, शनिवार

मास्टर काढला. काठी आणि पिस्टन यांच्यात किती अंतर आहे ते मोजायला स्पेशल टूल असतं, माझ्याकडे नाही. स्वयंपाकघरातून चिमूटभर मळलेली कणीक आणली (घरून प्रश्न आला, उत्तर दिलं नाही), प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळून काठीच्या टोकाला लावली, मास्टर बसवून नट आवळले आणि परत काढला. कणीक जितकी जाड उरते तितकी फट. इथे प्लास्टिक फाटून काठीचं टोक आरपार दिसत होतं, म्हणजे फट शून्याच्याही खाली. काठीच्या टोकाला अॅडजस्टिंग स्क्रू आहे, पक्कडने काठी धरून तो हळूहळू आत घेतला, दर वेळी नवीन कणीक, कागदाएवढी जाडी उरेपर्यंत. जास्त आत घेतला तर पेडल आधी पोकळ जातं आणि ब्रेक उशिरा लागतात, तेही नको.

एअर काढली, नवीन ब्रेक ऑइल. बॉनेटच्या कडेवर थेंब पडला की रंग गेला समजा, ओलं फडकं अंथरून ठेवायचं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन उरकून परत गायमुख. चाकाच्या मधोमध हात ठेवता येतो. पेडल परत येतं. झालं.

२ फेब्रुवारी, रविवार

पेट्रोलचा वास. गॅरेजवाल्याचं म्हणणं कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय, किट टाकावं लागेल. ओव्हरफ्लो होतोय हे खरं, एअर क्लीनर काढून बघितलं तर इंजिन चालू असताना थेंब थेंब पडताना दिसतात. पण फ्लोटची सुई दोन कारणांनी बंद होत नाही, एक तर सुई खराब किंवा मागून येणारं प्रेशर जास्त. कार्बोरेटरला कोणी हात लावलेला नाही आणि पंप नवीन आहे, मग बघायचं कोणाकडे?

हा पंप इंजिनच्या कॅमवर चालणारा, मेकॅनिकल. तीन नळ्या: टाकीतून येणारी, कार्बोरेटरला जाणारी, आणि जादाचं पेट्रोल टाकीत परत नेणारी. परतीची नळी पंपावरून काढून तिथे दुसरी जोडली आणि बाटलीत सोडली, इंजिन चालू केलं. काही नाही. एक थेंब नाही. पंप उतरवला, परतीच्या निपलमध्ये फुंकलं, हवा जाईना. वाटलं कचरा असेल, तार घातली तर धातूला टेकली. निपल बसवलंय पण त्याच्या मागे भोकच पाडलेलं नाही! दिसायला हुबेहूब, तीन नळ्या जोडायला तीन निपल, त्यातलं एक निव्वळ शोभेचं.

ड्रिलने भोक पाडता आलं असतं, नेरूळचा मित्र (त्याच्याकडे महिंद्राची एमएम ५४०, डिझेल, त्याला असल्या कटकटी नाहीत असं तो दर भेटीत सांगतो) तेच म्हणत होता. पण किती मापाचं पाडायचं? ते भोक मुद्दाम बारीक असतं, मोठं झालं तर सगळं पेट्रोल परतच जाईल. आणि ज्याने भोक पाडलं नाही त्याने आत डायफ्रामला रबर कुठलं वापरलंय याचीही खात्री नाही, आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, जुन्या पद्धतीचं रबर त्यात फुगतं नाहीतर कडक होतं.

नशिबाने जुना पंप या वेळी गाडीच्या मागच्या खोक्यातच टाकलेला सापडला.

९ फेब्रुवारी, रविवार

जुन्या पंपाला इथेनॉल चालणारा डायफ्राम टाकला, पंप आणि इंजिनच्या मधला जाड काळा स्पेसर गॅरेजवाल्याने गाळला होता तो परत घातला. तो नुसता गॅस्केट नाही, इंजिनची गरमी पंपाला लागू नये म्हणूनही असतो, उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये याच्याशिवाय गाडी बंद पडायला वेळ लागला नसता. परतीच्या नळीतून आता व्यवस्थित धार. धूर गेला. प्लग काढून साफ करून परत लावले.

पेट्रोलचं काम करताना वॉचमनला आगीचा सिलिंडर घेऊन शेजारी उभा केला होता, सेक्रेटरींनी गॅलरीतून बघितलं आणि आता ग्रुपवर "पार्किंगमध्ये गॅरेज चालवू नये" असा मेसेज आलाय. नाव घेतलेलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

थरथर. यासाठी गुळगुळीत रस्ता पाहिजे, ठाण्यात तो शोधण्यात अर्थ नाही, सकाळी सहाला ऐरोलीवरून पाम बीच रोडला गेलो. पंचावन्नला सुरू होते, फ्लोअर आणि सीटमध्ये, स्टीअरिंगमध्ये नाही. त्याच स्पीडला क्लच दाबून न्यूट्रल केली, थरथर तशीच, म्हणजे इंजिन आणि क्लच बाद. पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवून मोकळे केलेले असतात तेव्हा टू हायमध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं ओढत असताना, पुढचा शाफ्ट फिरतच नाही, म्हणजे तोही बाद. राहिला गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) यांच्यामधला छोटा शाफ्ट, आणि मागचा मोठा.

नेरूळला मित्राच्या बिल्डिंगखाली मागचा शाफ्ट सोडवून काढून ठेवला, पुढचे हब लॉक केले, फोर हाय (चारही चाकांचा गिअर) टाकला. आता गाडी फक्त पुढच्या चाकांवर. मागचा शाफ्ट नसल्यामुळे डांबरावर हे चालतं, एरवी कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हीलमध्ये चालवायची नाही, वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी फिरतात आणि सगळा ताण ट्रान्स्फरवर येतो. परत पाम बीच. साठला गाडी शांत.

म्हणजे तो नवीन क्रॉसवाला शाफ्ट. "तो तर नवीनच आहे."

२३ फेब्रुवारी, रविवार

शाफ्ट घरी जमिनीवर ठेवून बघितला तर मोजायचीही गरज नाही. शाफ्टच्या मध्ये सरकणारा जॉइंट असतो, दातेवाला. त्याच्या दोन टोकांच्या काट्यांचे कान एका रेषेत पाहिजेत. क्रॉस वाकड्यात फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात थोडा कमीजास्त होतो, दुसऱ्या टोकाचा क्रॉस ते उलटं करून बरोबर करतो, पण कान रेषेत असतील तरच. इथे एक दाता सरकलेला. क्रॉस बदलताना शाफ्ट दोन तुकड्यात काढला आणि खूण न करता जोडला. बाण कोरलेले असतात, ग्रीस आणि गंजाखाली कोणी बघत नाही.

दाता सरकवून बसवला, या वेळी छिन्नीने खूण केली. पंचावन्नची थरथर गेली, पण पासष्ट-सत्तरला बारीकशी अजून आहे. म्हणजे अजून काहीतरी.

८ मार्च, शनिवार

ते काहीतरी म्हणजे शॅकल. फोनमधलं लेव्हलचं अॅप घेऊन गाडीखाली गेलो. ट्रान्स्फरचा फ्लँज तीन अंश, डिफरन्शियलचा साडेसहा. हे दोन समांतर पाहिजेत, तरच वर म्हटलेली वेगाची वजाबाकी पूर्ण होते. जिप्सीत मागच्या पाट्यांचे शॅकल मागच्या टोकाला असतात. ते लांब केले की पाट्याचं मागचं टोक खाली जातं आणि एक्सल फिरून डिफरन्शियलचं तोंड वर बघायला लागतं.

पुढे उलट गंमत. तिथे शॅकल पुढच्या टोकाला, लांब केले की किंगपिनचा वरचा भाग पुढे झुकतो, कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) कमी होतो, आणि स्टीअरिंग आपोआप सरळ यायचं बंद होतं. हे सगळं कशासाठी, तर उंचीसाठी. आणि दोन इंच लांब शॅकलने गाडी उचलली जाते साधारण एकच इंच, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं, दुसरं जागेवरच. एक इंचासाठी शाफ्टही बिघडवला आणि स्टीअरिंगही. पाचर घालून दोन्ही अँगल परत आणता येतात, करणारे करतात, पण माझी गाडी येऊरच्या चिखलात आणि फार तर माळशेजच्या आसपास जाते, तिला काय करायचीये उंची. मूळ शॅकल लावले, बुश नवीन घातले. बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळायचे, जॅकवर आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि लवकर फाटतात.

पाम बीचला सत्तरला काही नाही.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड, आज हातावरचा रंग ग्रीसमध्ये दिसत नाही हा फायदा.

स्टीअरिंगचं नाचणं. आधी डॅम्पर काढला. तो रोग बरा करत नाही, झाकतो, आणि झाकलेला असताना तपासणी होत नाही. डॅम्पर काढल्यावर कोलशेत रोडच्या एका खड्ड्यात असं नाचलं की दोन्ही हातांनी धरून गाडी जवळजवळ थांबवावी लागली.

चाक जॅकवर, वरखाली धरून हलवलं, खेळ आहे. मुलाला आत बसवून ब्रेक दाबायला लावला आणि परत हलवलं, खेळ तसाच. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला असता तर व्हील बेअरिंग, राहिला म्हणजे किंगपिन. नवीन बेअरिंग टाकलेले किंगपिन. उघडलं तर बेअरिंगचे रोलर खरंच नवीन, चकाचक, पण ज्या कपात ते फिरतात तो जुनाच, त्यात रोलरच्या आकाराचे खड्डे पडलेले. कप ठोकून काढायला मेहनत लागते, म्हणून नुसता आतला भाग बदलला आणि बिल लावलं पूर्ण सेटचं. वरच्या शिमपण (फट जमवायच्या पातळ चकत्या) कमी आहेत, डावीकडे तर नाहीतच.

मिस्त्री स्वतः बघायला आले, कपात बोट फिरवलं आणि म्हणाले, "साहेब, यात नवीन रोलर घालून काय उपयोग, ते त्याच खड्ड्यांत जाऊन बसणार."

२२ मार्च, शनिवार

दोन्ही बाजूंचे पूर्ण सेट, कपासकट. शिम घालून-काढून आवळपणा जमवला: ऑइल सील न बसवता, नकलच्या (चाकासकट वळणाऱ्या भागाच्या) ज्या भोकात टाय रॉड बसतो तिथे सामान तोलायचा काटा अडकवून ओढायचं, नकल हलायला लागतो तेव्हा किलो-दीड किलोच्या आसपास यायला पाहिजे. उजवीकडे पहिल्यांदा फारच सैल, एक शिम इकडेतिकडे केली की आलं. डावीकडे संध्याकाळ गेली. डॅम्पर परत लावलेला नाही.

६ एप्रिल, रविवार

कल्याण, मुरबाडमार्गे माळशेज, वरपर्यंत आणि परत, मित्राची एमएम ५४० पुढे आणि मी मागे त्याच्या धुरात. टोकावड्याच्या पुढे रस्ता खराब आहे तिथे मुद्दाम चाक खड्ड्यात घातलं, स्टीअरिंग एकदा हललं आणि थांबलं. घाट उतरून खाली चाकांना हात लावून बघितला, पुढची कोमट, मागची जवळजवळ थंड. व्होल्टेज १४.२. मित्राच्या गाडीला वाटेत डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरली, ती काढेपर्यंत मी रस्त्याकडेला बसून कलिंगड खाल्लं, कटकटी नसलेल्या गाडीचं कौतुक करत.

शिल्लक: फोर लोमध्ये (चारही चाकं, कमी वेगाचा गिअर) ट्रान्स्फरचा आवाज येतो, पण तो गॅरेजला जायच्या आधीपासून आहे आणि ट्रान्स्फरला कोणी हात लावलेला नाही, पावसाळ्यानंतर बघू. मागच्या डाव्या ड्रमच्या आतून बारीक ओलावा दिसला, एक्सलचं ऑइल सील असावं. सील आणायचं आहे, आणि उघडलं की जुनं आधी खिशात.